शेवटचा हात

मी पाणीपट्टीच्या तक्रारखिडकीवर बसते. सतरा वर्षं झाली. माणसाला 'नाही' म्हणायच्या जेवढ्या तऱ्हा जगात आहेत तेवढ्या मला तोंडपाठ आहेत. साहेब जागेवर नाहीत, फॉर्म जुना आहे, हे आमच्याकडे येत नाही, पलीकडच्या खिडकीत विचारा. पलीकडच्या खिडकीत माझीच मैत्रीण बसते, ती त्या माणसाला परत माझ्याकडे धाडते. त्यामुळे गाडीच्या कंपनीने मला पाच महिने जे नाचवलं त्यात नवीन असं काही नव्हतं. फक्त या खेपेला मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला होते, आणि बाहेरच्या बाजूला बसायला स्टूल नसतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण मामापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा तोच समज झाला होता. मला कंपनीकडून पैसे नको होते. मला एक कागद हवा होता. त्यावर एवढंच लिहिलेलं हवं होतं की या गाडीचा ब्रेक बूस्टर मुळातच खराब निघाला, कुणाच्या हाताने तो बिघडलेला नाही. तो कागद नेऊन मला बाबांच्या पुढ्यात ठेवायचा होता.

बाबा बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण गल्लीत त्यांना अजून फोरमनच म्हणतात. आईसुद्धा तेच म्हणायची. 'फोरमन, जेवायला चला', 'फोरमन, नळ गळतोय, बघता की प्लंबर बोलावू?' प्लंबरचं नाव काढलं की बाबा उठलेच म्हणून समजा. घरामागे त्यांची पत्र्याची शेड आहे. तिथे भिंतीवर पाने मापाप्रमाणे टांगलेले आणि प्रत्येकाच्या मागे त्याचा आकार रंगवलेला, म्हणजे कुठला जागेवर नाही ते दारातूनच कळावं. मी लहानपणी एक पाना खेळायला नेला होता, तर संध्याकाळी जेवायच्या आधी माझी रीतसर चौकशी झाली होती.

आई गाडी चालवायला शिकली ती पंचावन्नाव्या वर्षी आणि बाबांकडूनच. शिकवणीच्या त्या दोन महिन्यांत दोघांची जेवढी भांडणं झाली तेवढी आधीच्या तीस वर्षांत झाली नसतील. ती म्हणायची, मी काही तुमच्या डेपोतली बस नाही, जरा हळू ओरडा. पण शिकली, आणि अशी शिकली की नंतर बाबांनाच शेजारी बसवून फिरवायची. ही गाडी तिच्या हौशीची, तिच्याच नावावर घेतलेली.

त्या मंगळवारी ती शिंप्याकडे टाकलेले पडदे आणायला निघाली. पाण्याच्या टाकीकडून खाली येणारा उतार आहे, त्याच्या पायथ्याशी पाइप भरलेला एक ट्रक उभा होता. गाडी थांबली नाही. सरळ त्याच्यात गेली.

दोन दिवस होती. शुद्ध येत होती, जात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझं मनगट धरलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "पेडल दगड झालं गं. दोन्ही पाय ठेवून दाबलं, पण खाली जाईना." बाबा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी ऐकलं. त्यानंतर तिने पाणी मागितलं, आणि मग काही बोललीच नाही.

आता खरी माशी शिंकली ती इथे. अपघाताच्या सोळा दिवस आधी, एका रविवारी, बाबांनी त्याच गाडीच्या ब्रेकचे पॅड बदलले होते. घरासमोर रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत. पॅड वेगळे आणि बूस्टर वेगळा. पॅड चाकापाशी असतात. बूस्टर म्हणजे इंजिनामागचा तो गोल पत्र्याचा डबा, त्यात एक रबराचा पडदा असतो, तो आपल्या पायाचा जोर वाढवून पुढे पोचवतो. रबर फाटलं की पेडल दगड होतं. पॅड बदलताना त्या डब्याला बोटही लागत नाही. पण हे कुणाकुणाला समजावणार? लोकांना दोन शब्द पुरले, ब्रेक आणि फोरमन.

माणसं भेटायला यायची तेव्हा कुणी तोंडावर काही म्हणत नव्हतं. मामाने म्हटलं. वाईट माणूस नाही तो, बहीण गेली होती त्याची. पण भरल्या खोलीत म्हणाला, "दाजींनी चाळीस वर्षं परक्यांच्या गाड्यांचे ब्रेक सांभाळले, आणि माझ्या बहिणीच्या गाडीचे..."   बाबा उठले, मागे गेले, शेडला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात आणून दिली आणि परत जागेवर येऊन बसले.

तेव्हापासून माणूस उभ्याने वाळायला लागला. मी नवऱ्याला सांगून मुक्काम माहेरी हलवला. बाबा ताटावर बसायचे, दोन घास खायचे, उठायचे. नळाखाली हात धरून उभे राहायचे, पाणी वाहून चाललंय आणि हे हातांकडे बघतायत. मी पाणीखात्यातली, वाहतं पाणी मला बघवत नाही, पण नळ बंद करायचा मला धीर व्हायचा नाही. एकदा त्यांना भाजी चिरायला दिली तर सुरी खाली ठेवून म्हणाले, तू चीर. ज्या माणसाने डोळे मिटून इंजिनं उघडली त्याला आता भेंडीची भीती वाटत होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. वजन दर महिन्याला उतरत गेलं. मला आई गेल्याचं रडायलाही सवड नव्हती, कारण दुसरा माणूस डोळ्यांदेखत निघाला होता.

तिसऱ्या महिन्यात मला फोनवर त्या गाडीच्या मालकांचा एक ग्रुप सापडला. त्यात कुणीतरी बाईने लिहिलं होतं, 'पेडल एकदम दगडासारखं झालं.' आईचाच शब्द.  मग कळलं की ती एकटी नाही, असे एकसष्ट जण आहेत. कुणी नशिबाने कठड्याला घासून थांबलेला, कुणी हँडब्रेक ओढून वाचलेला. एकाने तर कंपनीच्या पत्राचा फोटोच टाकला होता. कंपनीने आपल्या सर्व्हिस सेंटरांना दोन वर्षांपूर्वी कळवलेलं होतं की अमुक ते अमुक चार महिन्यांत बनलेल्या बूस्टरमधलं रबर फाटू शकतं, गिऱ्हाइकाने स्वतः तक्रार केली तर वॉरंटी संपलेली असली तरी फुकट बदलून द्या. भाग बाहेर कुठे उघडलेला नसावा, एवढीच अट. आणि गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही तर आपण होऊन विषय काढू नका.

विषय काढू नका. हे वाक्य वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन एक कप फोडला. मुद्दाम फोडला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथे काउंटरवर टायवाला एक पोरगेला गृहस्थ होता. कॉफी देऊ का, म्हणाला. नको म्हटलं. संगणकात बघून म्हणाला, मॅडम, तुमची वॉरंटी सात महिन्यांपूर्वी संपली. मी त्याच्यापुढे पत्राचा फोटो धरला. तो आत गेला, वीस मिनिटांनी बाहेर आला आणि मला विचारलं काय, तर हे अंतर्गत पत्र तुम्हाला कुठून मिळालं? म्हणजे खरं आहे की खोटं हा प्रश्नच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी त्याला म्हटलं, बाळा, मी सतरा वर्षं हेच काम करते, माझ्याशी हे करू नकोस.

पण केलंच त्यांनी. अपघाती गाडी आहे म्हणाले, धडकेनेच रबर फाटलं असेल. मी लिहिलं, धडकेच्या आधी पेडल दगड झालं, म्हणून तर धडक झाली. त्यावर म्हणाले, याला साक्षीदार कोण? साक्षीदार गेली, तिचाच मृत्यूचा दाखला जोडलाय, असं मी लिहिलं. मग मुख्य कार्यालयाकडे पाठवलं, मुख्य कार्यालयाने परत सेंटरकडे, सेंटरने तक्रार क्रमांक नवा घ्यायला सांगितला. मी रोज माझ्या खिडकीवर बसून लोकांना टोलवत होते आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतः टोलवली जात होते. शेवटी माझ्या अठराव्या पत्राला उत्तर आलं. तपासनीस येऊन गाडी बघेल.

गाडी घराच्या भिंतीलगत ताडपत्रीखाली उभी होती, नाक चेचलेलं तसंच. तपासनीस आला तो मध्यम वयाचा, शांत बोलणारा माणूस. मी भांडायच्या तयारीत होते, पण त्याने आधी बूट पुसले, आईच्या फोटोकडे बघून थोडा थांबला, आणि मग कामाला लागला. टॉर्च धरून बूस्टरवरचा नंबर वाचला, स्वतःच्या कागदाशी ताडून बघितला. मग माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नंबर यादीत होता. मला वाटलं, जिंकलो. आता फक्त फॉर्ममधला एक प्रश्न उरला होता, आणि त्याचं उत्तर बाबांना द्यायचं होतं, कारण त्यांनी गाडीला हात लावला होता.

त्या उत्तराची मी आदल्या दोन दिवसांत तोंडी परीक्षेसारखी तयारी करून घेतली होती. बाबा, एवढंच म्हणायचं, मी फक्त पॅड बदलले, बूस्टरला हात लावला नाही. खोटं काही बोलायचं नाहीये, जे झालं तेच सांगायचंय. बाबा हो हो म्हणाले होते. त्या दिवशी त्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. कितीतरी महिन्यांनी माणूस माणसासारखा दिसत होता.

तपासनीसाने विचारलं, "काका, हा भाग आमच्या सेंटरच्या बाहेर कुणी उघडला होता का?"

"शेवटचा हात माझा होता," बाबा म्हणाले.

"मी बूस्टरचं विचारतोय, काका. पॅडचं नाही."

"तुम्ही कशाचं विचारताय ते मला कळतंय. ब्रेकचं काम पेडलपासून चाकापर्यंत एकच असतं. त्यात शेवटचा हात माझा. लिहा."

त्याने पेन थांबवलं. माझ्याकडे बघितलं, परत बाबांकडे बघितलं. पुन्हा एकदा विचारून बघतो म्हणाला. बाबा म्हणाले, लिहा.

हे 'शेवटचा हात' प्रकरण बाहेरच्यांना कळायचं नाही. बाबांच्या डेपोत प्रत्येक जॉबकार्डाच्या तळाशी तसा रकाना असायचा. बस बाहेर पडताना तिला ज्याने शेवटचं हाताळलं त्याची तिथे सही. ती बस वाटेत बंद पडली तर कारणं नाहीत, चर्चा नाही, सहीवाला उभा राहायचा. दुसऱ्याने केलेली चूक असली तरी उभा राहायचा, कारण बघून सोडायचं काम त्याचं होतं. बाबांनी चाळीस वर्षं तो रकाना भरला आणि भरून घेतला. डेपो कधीच मागे पडला होता, पण तो रकाना त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. आणि कंपनीला काय, आयतं कोलीत मिळालं. अकरा दिवसांनी पत्र आलं, अनधिकृत हस्तक्षेपामुळे मागणी अमान्य.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी त्या दिवशी बाबांना नको ते बोलले. म्हटलं, तुम्हाला आईला न्याय मिळायलाच नकोय का? तुमची फोरमनकी तुम्हाला तिच्यापेक्षा मोठी झाली का? ते ऐकून घेत होते. मग उठून त्यांनी आपली ताटवाटी विसळली आणि पालथी घातली. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षात तरी आलं की नाही मला माहीत नाही.

पाचव्या दिवशी मी ठरवलं, कंपनी गेली खड्ड्यात. कागद नाही तर नाही, पण वस्तू तर आहे. बाबांच्या हाताखाली काम केलेला एक मिस्त्री आहे, सगळे त्याला बारीक म्हणतात. वजन एकशे दहा किलो. डेपोत लागला तेव्हा काडी होता म्हणे, नाव मागे राहिलं आणि माणूस पुढे गेला. त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, गाद्यांच्या दुकानाला लागून. त्याने गाडी ओढून नेली, पुढचा भाग ठोकून सरळ केला, रेडिएटर बदलला. बूस्टर काढायच्या दिवशी मात्र मी येईपर्यंत थांब म्हणून बजावलं होतं. मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

त्याने डबा काढून बाकावर ठेवला आणि आधी मला त्याची कड दाखवली. सगळीकडे कारखान्यातली घडी तशीच, कुठे पान्याचा ओरखडा नाही, पटाशीची खूण नाही. म्हणाला, ताई, हा जन्मात कुणी उघडलेला नाही. मग त्याने कड उलगडली, डबा दोन भागांत वेगळा झाला, आणि आतून ते काळं रबर निघालं, ताटलीएवढं. साच्याचा जोड जिथे येतो त्या रेषेवर ते फाटलं होतं. बरोबर रेषेवर. तिथे रबर पातळ पडलं होतं, नखाने कळत होतं.

"कंपनीचा माल," बारीक म्हणाला. "फोरमनचा हात यात कुठेच नाही."

मी तिथेच गाद्यांच्या ढिगावर बसून रडले. आठ महिन्यांत पहिल्यांदा मोकळी रडले. मला वाटलं, सुटले बाबा. शिक्का नसू दे, सही नसू दे, बाबांना कागद वाचायची गरजच नाही, त्यांची बोटं वाचतील. मी डोळे पुसून बघते तर बारीक रबर घेऊन दाराशी उजेडात उभा होता. फाट उलटीसुलटी करून बघत होता. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"ताई, तुमचं समाधान झालं ना? मग हे इथेच राहू द्या. फोरमनला दाखवू नका."

मी म्हटलं, अरे, वेड लागलंय का तुला? त्यांना दाखवायचं म्हणूनच तर एवढा खटाटोप. तो हात पुसायला लागला. पुसलेलेच हात परत पुसत होता. मला वाटलं, जुन्या साहेबाला आठवणीने त्रास होईल म्हणून म्हणत असेल. माझा स्वभाव असा की कुणी नको म्हटलं की मी करणारच. नवा बूस्टर बसवून घेतला, रबर वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि गाडी घेऊन घरी आले.

बाबा खिडकीशी बसले होते, संध्याकाळचं ऊन अजून खोलीत होतं. मी पुडकं त्यांच्या मांडीवर उघडलं. आठ महिन्यांत त्यांनी गाडीच्या कुठल्याही वस्तूला हात लावला नव्हता, पण हे त्यांनी उचललं. उजेडात धरलं. अंगठा फाटीवरून एकदा फिरवला, मग उलट्या दिशेने फिरवला. माझं तोंड थांबत नव्हतं. साच्याची रेषा, पातळ रबर, न उघडलेली कड, बारीक काय म्हणाला, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "कळलं ना बाबा? तुमचा हात नाही यात. कंपनीचं पाप आहे हे."

"इकडे बघ," ते म्हणाले. आवाज फोरमनचा होता, कितीतरी दिवसांनी ऐकलेला. "ही दोन बोटं लांबीची कड काळी आहे. धूळ बसलीय तिच्यावर. ही आधी फाटली. आणि ही इथून पुढची स्वच्छ आहे, ही त्या मंगळवारी गेली."

"म्हणजे तेच ना, कंपनीचाच..."

"म्हणजे महिनाभर वाजत होतं."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, नव्या माणसाला सांगावं तसं सावकाश. रबर थोडं फाटलं तर ब्रेक लागतो, पण पेडल दाबलं की त्या फटीतून हवा आत जाते आणि पायापाशी बारीक फुस्स असा आवाज येतो. चालवणाऱ्यालाच येतो, बाहेर उभ्या असलेल्याला येत नाही. तेव्हाच बदललं तर काही होत नाही.

"तिने सांगितलं होतं मला," बाबा म्हणाले. "पेडल दाबलं की आत कुणीतरी उसासा टाकतं म्हणाली. मी हसलो. म्हटलं, गाडीला तुझा कंटाळा आला असेल. चार दिवसांनी परत म्हणाली, तेव्हा मी पॅड बदलले. ऐकून न बघताच. पॅडच असणार म्हणून. बदलल्यावरही म्हणाली, फोरमन, अजून येतोय हो आवाज. मी म्हटलं, नवे आहेत, बसायला वेळ लागतो."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण त्यात जीव नव्हता.

"डेपोत कुणी ड्रायव्हर आवाज येतो म्हणाला, तर मी पान्याला हात लावायच्या आधी त्याच्या शेजारी बसून एक फेरी मारायचो. कितीही घाई असो. तिच्या शेजारी नाही बसलो."

मग बाकीचंही बोलले. दवाखान्यात आई पेडल दगड झालं म्हणाली तेव्हाच त्यांना कळलं होतं की बूस्टर गेला. मी एकसष्ट माणसं शोधून, अठरा पत्रं लिहून जे सिद्ध करायला निघाले होते ते या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण रबर कधीकधी एकदम फाटतं. एकदम फाटलं तर आधी आवाज येत नाही. मग तिने ऐकला तो आवाज पॅडचाच असणार, आपण चुकलो नाही, एवढ्या एका आशेवर ते आठ महिने दोन दोन घास खात होते. खात्री करून घ्यायला गाडीपाशी गेले नाहीत, शेड उघडली नाही, कारण खात्री त्यांना नकोच होती. आणि मी, त्यांची शहाणी लेक, ती वर्तमानपत्रात गुंडाळून घरी घेऊन आले. बारीकला जे एका नजरेत कळलं ते मला कळलं नाही. मी माझ्या आयुष्यात इतकं वाईट काम केलेलं नाही, आणि मी ते मायेने केलं.

माझ्या तोंडून खिडकीवरचीच भाषा निघाली. "बाबा, कंपनीला दोन वर्षं माहीत होतं. लेखी माहीत होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तुमचा एक रविवार चुकला."

"कंपनीने तिच्याशी लग्न केलं नव्हतं," बाबा म्हणाले.

  ऊन भिंतीवरून खाली उतरलं. मग त्यांनी रबर परत कागदात गुंडाळलं आणि विचारलं, नवा बसवल्यावर गाडी चालवून बघितलीस का नीट? मी म्हटलं, गॅरेजपासून घरापर्यंत आणली, ठीक वाटली. ते उठले. चपला पायात सरकवल्या. म्हणाले, चल, तू चालव, मी शेजारी बसतो.

मी गाडी काढली. बाबा शेजारच्या सीटवर बसले आणि कमरेत वाकून त्यांनी कान खाली, माझ्या पायाशी आणला. डोळे मिटलेले. रस्ता मोकळा होता. मी पेडल दाबलं. काही आवाज आला नाही, गाडी गुमान थांबली.

"परत दाब," ते म्हणाले.

मी थोडी पुढे नेऊन परत दाबलं. आवाज नव्हता. मी म्हटलं, बाबा, काही येत नाहीये, ठीक आहे सगळं. ते तसेच वाकलेले होते आणि त्यांची पाठ हलत होती. मला समोरचं धूसर दिसायला लागलं, तरी मी गाडी चालवत राहिले. टाकीच्या उतारापर्यंत गेलो, तिथून वळून घरापर्यंत आलो, आणि सगळ्या वाटेत ते मला एवढंच सांगत होते, परत दाब.